गावचे मैदान ओस पडू नये
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. शाळामास्तराला उपदेशाची खोड असते. परंतु आज मी प्रथम माझ्याच एका चुकीची कबुली देणार आहे.

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिना व फ्रान्स यांची ३-३ अशी बरोबरी होऊन पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ ने विजयी झाला. परभणीस घरी बसून मी तो अखेरपर्यंत पाहिला. त्याच रात्री आमच्या वस्तीतील मुलांचा कबड्डीचा अंतिम सामना होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आदल्या दिवशी 'गुरुजी, याल ना?' असे विचारून गेला होता. मी 'येतो' म्हणालो आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार केली नाही. 'आम्ही हरलो, गुरुजी. बघायला पंधरा-वीसच माणसे होती,' एवढेच तो बोलला. माझ्या टाळीवाचून मेस्सीचे काही अडले नाही. त्या मुलाचे मात्र अडले.

दूरचित्रवाणीला मी दोष देत नाही. उत्तम खेळ कसा असतो, हे खेड्यातील मुलास तिनेच दाखविले. पण पडद्यावरील खेळाडूस आपण दिसत नाही. मैदानावरील खेळाडूस दिसतो. भेद आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

कोल्हापूरकरांनी हे ओळखले आहे. जागतिक स्पर्धेच्या दिवसांत तेथील चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. परंतु पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले, की तीच माणसे शाहू स्टेडियमवर लोटतात. कुस्तीच्या तालमींनी तेथे फुटबॉल आपलासा केला. याच नगरीचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. आपल्याकडे कबड्डी आहे, यात्रेतील कुस्तीचा फड आहे. उणीव आहे ती कडेला उभे राहणाऱ्यांची.

१९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. पदक मिळाल्यावर जयजयकार सर्वांनीच केला. परंतु पदकापूर्वी पाठीशी उभी राहिली ती जवळचीच माणसे. एका शिक्षकाने घर गहाण टाकले, आणि मला एक संध्याकाळ मोडवली नाही, याची मला लाज वाटते.

आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, हे भूषणावह आहे. माझी नम्र विनंती एवढीच, की त्यांच्या पंक्तीस एखादा खेळाडूही बसवावा. आपली मुले मातीत सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेत त्यांना मॅटवर उतरावे लागते. जमल्यास एका मॅटची वर्गणी काढावी. तेही न जमले, तर निदान घरटी एका माणसाने सामन्यास जावे. त्यास पैसा लागत नाही.

तो मुलगा आजही खेळतो. यंदाच्या सामन्यास मी जाणार आहे. आपणही यावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.