बँड सोडणारा आणि बँड सांभाळणारा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे, की सॉफ्टवेअरवर बोलायचं नाही. अट मान्य. मी गाण्यांवर बोलणार आहे. आपल्या संगीताच्या बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा आधीच सांगते, मी गाणार नाही. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नाही.

विषय आहे पीटर गेब्रिएल आणि फिल कॉलिन्स. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर या दोघांच्या कॅसेट पोरींच्या हातोहात फिरायच्या, तेव्हापासून मी दोघांना ऐकते आहे. दोघंही मूळचे 'जेनेसिस' या इंग्लिश बँडचे. आणि स्नेहमेळाव्यात यांची गोष्ट सांगायचं कारण म्हणजे हा बँड एका शाळेत सुरू झाला. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं चार्टरहाउस हे जुनं निवासी विद्यालय. तिथल्या काही मुलांनी १९६७ साली मिळून तो काढला. गेब्रिएल त्यांच्यातलाच.

कॉलिन्स मात्र त्या शाळेचा नव्हे. तो लंडनचा, लहानपणी रंगभूमीवर काम केलेला. 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात त्याने भुरट्या चोर पोराची भूमिका केली होती. १९७० मध्ये बँडने ड्रमरसाठी जाहिरात दिली आणि हा चाचणीला गेला. चाचणी होती गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी. हा वेळेआधीच पोचला. तुम्ही जरा पोहून घ्या, असं त्याला सांगण्यात आलं. पोहता पोहता आतून येणारं इतरांचं वाजवणं तो ऐकत राहिला आणि त्याचा नंबर येईपर्यंत त्या रचना त्याच्या कानात बसल्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचं, तर तोंडी परीक्षेला बाहेर उभं राहून आतले प्रश्न ऐकणारा मुलगा.

पाच वर्षं दोघं एकत्र होते. गेब्रिएल पुढे उभा राहून गायचा, चित्रविचित्र मुखवटे घालायचा आणि कॉलिन्स मागे बसून ड्रम वाजवायचा. १९७५ मध्ये गेब्रिएलने बँड सोडला. बँडशी मतभेद होते, शिवाय त्याची पहिली मुलगी जन्मतःच खूप आजारी होती आणि दौरे की घर, असा प्रश्न उभा राहिला होता. आता बँड बुडणार, असं पुष्कळांना वाटलं. नव्या गायकासाठी बऱ्याच जणांच्या चाचण्या झाल्या, कोणी पसंत पडेना. शेवटी ड्रम वाजवणारा कॉलिन्सच पुढे येऊन गायला लागला. १९७६चा त्यांचा अल्बम चांगला चालला आणि बँड तरला.

इथून दोन वाटा सुरू होतात. गेब्रिएलचा पहिला स्वतंत्र अल्बम १९७७चा. त्यातलं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं बँड सोडण्याबद्दलचंच आहे. त्याने पहिल्या चारही अल्बमना एकच नाव दिलं, ते म्हणजे स्वतःचं. आमच्या धंद्यात चार फाइल्सना एकच नाव देणाऱ्याला कोणी सोडत नाही. कॉलिन्सचा पहिला स्वतंत्र अल्बम, 'फेस व्हॅल्यू', १९८१चा. आणि त्याने बँड सोडला नाही. १९९६ पर्यंत बँडही सांभाळला आणि स्वतःचं कामही केलं. नोकरी करून संध्याकाळी स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्यांना हे कष्ट ठाऊक आहेत.

आकडे काढायचे तर निकाल लगेच लागतो. अमेरिकेच्या यादीत कॉलिन्सची सात स्वतंत्र गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, गेब्रिएलचं एकच, १९८६चं 'स्लेजहॅमर'. गंमत अशी, की त्या एका गाण्याने पहिल्या क्रमांकावरून ज्याला खाली ओढलं, ते 'इनव्हिजिबल टच' हे गाणं होतं जेनेसिसचं, म्हणजे त्याच्याच जुन्या बँडचं, आणि गायला होता कॉलिन्स.

यावरून जाणकार मंडळी एक सोपी विभागणी करतात. गेब्रिएल म्हणजे कलावंत आणि कॉलिन्स म्हणजे बाजार. मला ती पटत नाही. कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' घ्या. संसार मोडल्यानंतरच्या दिवसांतलं हे गाणं. सुरुवातीला नुसतं ड्रम मशीन, मंद सूर आणि दबलेला आवाज. हा जगातल्या नावाजलेल्या ड्रमरपैकी एक, पण खरे ड्रम येतात साडेतीन मिनिटं उलटल्यावर. बाजाराचा हिशेब करणारा माणूस ऐकणाऱ्याला इतका वेळ थांबवून ठेवत नाही. १९९३च्या 'बोथ साइड्स'मध्ये तर सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. उलट गेब्रिएलचा १९८६चा 'सो' हा अल्बम उघडपणे सगळ्यांसाठी केलेला आहे. 'स्लेजहॅमर'च्या व्हिडिओला एमटीव्हीची नऊ पारितोषिकं मिळाली. बाजार त्यालाही चांगला कळत होता.

मला दिसतो तो फरक वेगाचा आहे, आणि त्या वेगाने काय मिळवलं त्याचा. कॉलिन्स भराभर काम करणारा. १३ जुलै १९८५ रोजी 'लाइव्ह एड'साठी तो लंडनला गायला, कॉनकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाला वाजवायला बसला. त्याचं गाणं एकदा ऐकलं की कळतं. ही सोपी गोष्ट नव्हे. गेब्रिएल रेंगाळणारा. २००२च्या अल्बमनंतर नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम आला २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी. पण मधल्या वाटेवर त्याने दुसऱ्यांसाठी दारं उघडली. 'वोमॅड' हा जगभरच्या संगीताचा महोत्सव १९८२ मध्ये सुरू करण्यात तो पुढे होता. नुसरत फतेह अली खान यांचा आवाज पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत नेण्यात त्या महोत्सवाचा आणि गेब्रिएलच्या रेकॉर्ड कंपनीचा मोठा वाटा आहे. त्याच्या 'पॅशन' या अल्बमवर आपल्या एल. शंकर यांचं व्हायोलिन आहे.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगते. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण हिशेब कधीच वेगळे झाले नाहीत. गेब्रिएलच्या १९८०च्या तिसऱ्या अल्बमवर ड्रम वाजवायला कॉलिन्स गेला. गेब्रिएलने अट घातली, की झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत. स्टुडिओतल्या वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी एक माइक टांगलेला असतो. त्यातून ड्रमचा आवाज प्रचंड मोठा ऐकू आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यांनी तोच आवाज घेतला आणि त्याची घुमणारी शेपटी मध्येच कापून टाकली. तो दणका १९८०च्या दशकातल्या निम्म्या गाण्यांत ऐकू येतो असं म्हटलं तरी चालेल. कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये जे ड्रम कोसळतात, ते हेच. एकाच्या अटीतून आणि दुसऱ्याच्या हातातून निघालेला आवाज. तो कोणाच्या खात्यावर मांडायचा?

दोन वर्षांनी पहिल्या वोमॅडमध्ये जबर तोटा झाला आणि गेब्रिएल कर्जात अडकला. ऑक्टोबर १९८२ मध्ये मिल्टन कीन्स इथे जेनेसिसने त्याच्याबरोबर एक कार्यक्रम केला, त्याचं कर्ज फेडायला. सात वर्षांपूर्वी यांना सोडून गेलेला माणूस. तरी ते आले.

आपल्या वर्गातही अशी एक जोडी आहे. त्यातली एक मी, दुसरी समोर बसली आहे आणि आत्ता मान हलवून 'नको' म्हणते आहे. आम्ही दोघींनी २००७ मध्ये पुण्यात एक छोटी कंपनी काढली. सहा वर्षांनी ती बाहेर पडली. तिला मुलांना शिकवायचं होतं, तालुक्याच्या गावी. मी कंपनी सांभाळली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आम्हाला वेगवेगळं गाठून विचारलं जातं, 'मग, बरोबर कोण निघालं?' सुरुवातीला आम्ही हसून सोडून द्यायचो. पण तोच प्रश्न पन्नास वेळा आला की मनात कुठेतरी मोजणी सुरू होते. तिचा फोन आला की ती आपल्याला मोजते आहे असं मला वाटायचं, आणि तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटायचं. मधली तीन वर्षं आम्ही फक्त वाढदिवसाचे मेसेज पाठवले. भांडण काही झालंच नव्हतं.

खरा हिशेब असा आहे. तिने लिहिलेला बिलांचा प्रोग्रॅम आमच्या कंपनीत आजही चालतो. तिच्या वर्गातले संगणक आमच्या ऑफिसातून गेलेले आहेत आणि माझ्याकडच्या दोन इंजिनिअर मुली तिच्या हाताखाली शिकलेल्या आहेत. आता तुम्ही सांगा, हे कोणाच्या खात्यावर मांडायचं?

कॉलिन्सच्या पाठीचं दुखणं पुढे इतकं वाढलं, की हातात ड्रमची काठी धरणं अशक्य झालं. मार्च २०२२ मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. श्रोत्यांमध्ये पीटर गेब्रिएल बसला होता.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. कोणी गाव सोडलं, कोणी शेती आणि म्हातारे आईवडील सांभाळले, कोणी परदेशी गेलं, कोणी याच शाळेत शिकवायला परत आलं. सर, तुम्ही आमचे क्रमांक फळ्यावर लिहायचात, तेव्हा त्याचा उपयोग होता, कारण सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच होती. आता तशी ती नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आज जेवणाच्या पंगतीत कोणालाही 'कुठवर पोचलास?' असं विचारू नका. 'तुझ्या कामात माझा हात कुठे लागेल?' असं विचारा. सुरुवात मी करते. मैत्रिणी, तुझ्या शाळेच्या नव्या खोलीचं वायरिंग अडलंय ना? सोमवारी येते.