शेजारचा फ्रिज, आपला हप्ता



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, ‘ताई, कर्ज कशासाठी?’ शेळीसाठी, बियाण्यासाठी, मुलीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, ही उत्तरं लगेच येतात. कधी कधी मात्र उत्तर जरा थांबून येतं. मग कळतं, शेजारी नवा फ्रिज आलाय, नाहीतर जावेनं लग्नात साऱ्या भावकीला आहेर केलाय. काल-परवापर्यंत आपलं घर बरं वाटत होतं. घरातलं काही कमी झालेलं नसतं, तरी तेच घर एकदम उणं दिसायला लागतं.

गावात म्हणतात, बायकांना हेवा फार. पण हे काही बायकांपुरतं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे या अभ्यासकांनी तिथल्या शिकलेल्या लोकांना, स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही, एक प्रश्न विचारला. १९९८ साली तो अभ्यास छापून आला. प्रश्न असा: तुम्हाला वर्षाला ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांना २५ हजार, की तुम्हाला १ लाख आणि बाकीच्यांना २ लाख? बाजारभाव दोन्हीकडे सारखेच. जवळजवळ निम्म्या लोकांनी ५० हजार निवडले. म्हणजे पैसे निम्मे मिळाले तरी चालतील, पण शेजाऱ्यापेक्षा जास्त हवेत! सुट्टीबद्दल असंच विचारलं, तेव्हा मात्र बहुतेकांनी स्वतःला जास्त दिवस मिळतील तेच घेतलं. दुसऱ्याला किती मिळतात, हे पाहिलं नाही.

आपलंही तसंच आहे. शेजारीण दुपारी घटकाभर निवांत पडते का, तिला रात्री झोप लागते का, हे आपण मोजत नाही. मोजतो तो फ्रिज. तो दारातून आत जाताना दिसतो. त्याचा हप्ता दिसत नाही.

आता हिशोब करू. ३० हजार रुपये शेकडा दोन दराने घेतले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ६०० रुपये. मुद्दल वेगळं. मुद्दल फिटलंच नाही, तर वर्षाचं व्याज ७,२०० रुपये. शेळीचं कर्ज शेळी फेडते, फ्रिजचं कर्ज आपली मजुरी फेडते. फ्रिज घेऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. दूध-दही विकणाऱ्या बाईचा फ्रिज कमाई करतो. प्रश्न एवढाच, की वस्तू आपल्या गरजेची आहे, की शेजारणीला दाखवायची?

सगळीच तुलना वाईट नसते. एकाच शेतात, तेवढेच तास राबून गड्याला मजुरी जास्त आणि बाईला कमी मिळते, ही तुलना जरूर करा आणि बोलून दाखवा. तिथे ‘आहे त्यात समाधान माना’ असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

आणखी एक गोष्ट. गीता किंगडन आणि जॉन नाइट यांनी २००७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या घरांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या अगदी जवळच्या वस्तीतले लोक बऱ्या स्थितीत होते, ती माणसं उलट जास्त समाधानी दिसली. अडीअडचणीला शेजारी धावून येतो, म्हणून त्याची बरकत आपल्यालाही आधार वाटते. बचत गटाचं मर्मही हेच नाही का? शेजारणीचा धंदा चालला, तर तिचा हप्ता वेळेवर येतो. तो आला, की गटाच्या पेटीतून पुढचं कर्ज आपल्याला मिळतं. तिची भरभराट आपल्या पासबुकात उतरते.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करून पाहा. गेल्या संक्रांतीला आपली बचत किती होती, देणं किती होतं, ते वहीत पाहा आणि आजच्या आकड्याशेजारी लिहा. तुलना करायचीच, तर या दोन आकड्यांची करा. आणि जिचं बरं चाललंय, तिला विचारा, ‘बाई, हे कसं जमवलंस?’ ती हप्त्याबद्दलही सांगेल, कष्टाबद्दलही सांगेल. मनात ठेवलेला प्रश्न जळत राहतो. विचारलेल्या प्रश्नातून वाट सापडते.