दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथा आणि आपली फिर्याद

(नालासोपारा पूर्व येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या वकिली करतात.)



आजच्या सभेसाठी चालकांनी मला ‘कायदा आणि आपले हक्क’ हा विषय दिला होता. त्यांची क्षमा मागून मी आरंभ दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांपासून करणार आहे. मजकडे येणाऱ्या बहुतेक अशिलांनी फौजदारी कायद्याचे पहिले धडे रात्री जेवणाच्या ताटावर बसून, समोरच्या पडद्याकडे पाहत घेतलेले असतात, आणि ते धडे चुकीचे असतात.

गेल्या वर्षी आपल्याच वस्तीतील एक बाई आपल्या मुलीस घेऊन आल्या. मुलीने लग्नास नकार दिला म्हणून एक तरुण तिला रेल्वेच्या पुलावर अडवीत असे, तोंड विद्रूप करीन अशी धमकी देत असे, आणि चारचौघांत जातीवरून बोलत असे. मी विचारले, “पोलिसांत गेलात का?” बाई म्हणाल्या, “कशाच्या जोरावर जाऊ, वकीलबाई? अजून काही झालं तर नाही. पुरावा लागतो ना? आम्ही बघतो की रोज.”

चार महिने मुलगी भीतीने कामावर जात नव्हती आणि आईचे म्हणणे होते की अजून काही झालेले नाही! हे तिला कोणी शिकविले?

आपल्यापैकी जे वयस्क आहेत त्यांना मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका स्मरत असेल. शिवाजी साटम तीत होते. पुढे तेच साटम २१ जानेवारी १९९८ पासून ‘सीआयडी’मध्ये एसीपी प्रद्युम्न झाले. ही मालिका २०१८ पर्यंत चालली, तिचे १५४७ भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. दयाने दार तोडावे, डॉ. साळुंखे यांनी प्रयोगशाळेत एका थेंबावरून निदान सांगावे, हे आपल्या मुलांना पाठ आहे. माझ्याही घरी पाठ होते. मी स्वतः कितीतरी रविवार त्यात घालविले आहेत, तेव्हा हे कोणास हिणविण्यासाठी सांगत नाही.

पण या दोन नावांतील फरक पाहा. ‘एक शून्य शून्य’ हा ज्याच्यावर संकट आले त्याने फिरवावयाचा क्रमांक होता. आज त्या जागी ११२ आहे. ‘सीआयडी’ हे खात्याचे नाव. पहिल्या नावात हाक मारणारा माणूस आहे, दुसऱ्यात केवळ शोध घेणारा. या धर्तीच्या गुन्हेकथेचा नियमच असा की, पहिल्या काही मिनिटांत प्रेत सापडले पाहिजे. प्रेत नाही तर गोष्ट नाही. ज्याला तक्रार करावयाची होती तो मेल्यानंतरच कथेत प्रवेश करतो, आणि मग त्याच्या वतीने बोलणारे सर्व लोक सरकारी नोकर असतात.

शेवटाचाही नियम ठरलेला. संशयितास एक सणसणीत थप्पड बसते आणि तो सर्व काही ओकतो. न्यायालय दिसत नाही, सरकारी वकील दिसत नाही, साक्षीदाराची उलटतपासणी दिसत नाही. वस्तुतः पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कलम २३ मध्ये आहे. कबुली काढण्यासाठी मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग मारणारा गणवेशात का असेना. कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिले आहे. पडद्यावरील थप्पड श्रीमंत काकाच्या किंवा लबाड भागीदाराच्या गालावर बसते, म्हणून आपण टाळ्या वाजवितो. खऱ्या कोठडीत ती कोणाच्या गालावर बसते हे या सभेत मी सांगावे असे नाही. पारधी बांधवांना विचारा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, त्यांची त्या कायद्यातून १९५२ मध्ये सुटका झाली. चोरी झाली की प्रथम त्यांच्या पालावर जाण्याची सवय मात्र सुटली नाही. ‘दिल्ली क्राइम’ या मालिकेच्या २०२२ मधील दुसऱ्या पर्वाने ही गोष्ट निदान मांडली. तेथे विमुक्त जमातीचे लोक सरसकट उचलले जातात आणि खरे गुन्हेगार दुसरेच निघतात.

आता मी आपल्या दारातील प्रकरणाकडे येते. त्यातील मुलीचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे, म्हणून मी ते घेत नाही. वसईची ती तरुणी मे २०२२ मध्ये दिल्लीत मारली गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या सोबत राहणाऱ्या तरुणास अटक झाली. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याच्यावर आरोप निश्चित केले. अटकेनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, ‘क्राइम पेट्रोल’ने त्या घटनेशी मिळताजुळता भाग दाखविला. त्यात नावे बदललेली होती आणि नावांबरोबर पात्रांचे धर्मही बदललेले होते. एकच गदारोळ झाला. वाहिनीने तो भाग काढून टाकला, क्षमा मागितली आणि ही कथा २०११ मधील घटनांवर बेतलेली असल्याचे सांगितले.

गुन्हेगार कोणत्या धर्माचा दाखविला यावर सारा देश भांडला. एखाद्या समाजाच्या माथी गुन्हा मारणे किंवा त्याच्यावरून तो पुसणे, दोन्ही अनुचितच. परंतु मला त्या वेळी दुसरीच गोष्ट टोचत होती, आणि ती याच नालासोपाऱ्याची होती. २३ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच मुलीने आपल्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो सहा महिने मारहाण करीत आहे, गळा दाबण्याचा प्रयत्न त्याने केला, ठार मारून तुकडे करीन अशी धमकी देतो, असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. पुढील महिन्यात तिने आता वाद उरला नसल्याचे लिहून दिले आणि प्रकरण तेथेच थांबले. दोन वर्षांनी ते पत्र बाहेर आले, तेव्हा राज्य सरकारने त्यावर कारवाई का झाली नाही याची चौकशी जाहीर केली.

बंधुभगिनींनो, गोष्टीचा आरंभ तेथे होता! मुलगी जिवंत होती, शाई ओली होती, आणि पोलीस ठाणे उघडे होते. पण या पत्रापासून गोष्ट सुरू केली तर तपासाधिकारी नायक राहत नाही. म्हणून पडद्यावरची गोष्ट शीतकपाटापासून सुरू होते. आरोपीस ही कल्पना एका अमेरिकन मालिकेवरून सुचली, असेही वृत्तपत्रांनी पोलिसांच्या हवाल्याने छापले. मालिका पाहून लोक खून करतात किंवा नाही यात मला फारसे स्वारस्य नाही. मालिका पाहून लोक तक्रार करीत नाहीत, हे मात्र मी दर आठवड्यास पाहते.

त्या पत्रातून वकिलाने शिकण्याजोगी एक गोष्ट सांगते. ठाण्यात दिलेला नुसता ‘तक्रार अर्ज’ आणि नोंदविलेला गुन्हा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अर्ज ‘आता वाद नाही’ एवढ्या दोन ओळींनी निकालात निघतो. परंतु गळा दाबून ठार मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा एकदा नोंदला गेला की, तो राज्याचा खटला होतो. भेदरलेल्या मुलीने दबावाखाली दोन ओळी लिहून दिल्या म्हणून तो आपोआप संपत नाही. ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद, तीही गुन्ह्याची प्रथम खबर नव्हे. ‘आमची एनसी घेतली’ म्हणून समाधानाने घरी परतणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

नावे बदलण्याच्या प्रथेबद्दल आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण तिचा घाव आपल्यावर वेगळा बसतो. जिवंत माणसांच्या अब्रूसाठी नाव बदलणे योग्यच आहे. पण आपल्या देशात नावाबरोबर आडनाव जाते, आणि आडनावाबरोबर जात जाते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. त्या आईने एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष देण्याचे धैर्य केले होते. आता या कुटुंबाला पडद्यासाठी एखादे जातिविरहित आडनाव द्या. काय उरते? जमिनीचा तंटा उरतो, गावचे वैर उरते. पडद्याचे राहू द्या; खुद्द न्यायालयांत हेच घडले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही केला नाही. ज्या कारणासाठी माणसे मेली ते कारणच कागदावरून गेले.

याच्या उलट एक प्रयत्न झाला तो सांगणे न्यायाचे होईल. २०२३ मधील ‘दहाड’ या हिंदी मालिकेत राजस्थानातील एका ठाण्यात अंजली भाटी ही पोलीस उपनिरीक्षक आहे. ती जवळून गेली की एक सहकारी उदबत्ती ओवाळतो. तिच्या वडिलांनी मेघवाल हे आडनाव टाकून भाटी घेतलेले असते. शेवटी ती आपले मूळ आडनाव परत घेण्याचा अर्ज भरते. त्या मालिकेत गरीब घरच्या मुली एकामागून एक नाहीशा होतात. ‘पळून गेली असेल’ म्हणून कोणी शोध घेत नाही. एक भाऊ ठाण्याच्या पायऱ्या झिजवितो, त्यास कोणी विचारीत नाही; मग तो खोटेच सांगतो की बहिणीस परधर्मीयाने पळविले, आणि ताबडतोब सारे हलू लागतात. माझ्या मते गुन्हेकथेत फिर्यादीचे इतके खरे चित्र क्वचितच आले असेल. तथापि तेथेही मुली मेल्यानंतरच गोष्टीत येतात आणि खुनी हुशार प्राध्यापकच निघतो. साच्यातून पूर्ण सुटणे या लोकांनाही जमले नाही.

असो. मालिका तुम्ही पाहू नका असे मी म्हणणार नाही. म्हटले तरी तुम्ही ऐकणार नाही. पण त्यांनी वगळलेला भाग तेवढा ध्यानात घ्या.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्यात तो नोंदविता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता हे स्पष्ट आहे. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, हे खरे. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा नोंदविण्यास प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, असे त्या कायद्यात २०१८ पासून लिहिलेले आहे. नोंदविलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर तोच मजकूर टपालाने वरिष्ठांकडे पाठवावा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा तो पोलीस उपायुक्तांकडे जाईल. त्यानेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. घरात मारहाण होत असेल आणि लग्न झालेले नसेल, तरी विवाहासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीस २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे.

ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली त्यांच्यापैकी काहींनी मला विचारले की, आता आपण बौद्ध झालो, मग ॲट्रॉसिटीचा कायदा आपल्याला लागतो काय? लागतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस तो दर्जा कायद्याने आहे. मात्र जुने जातीचे दाखले आणि आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे जपून ठेवा. फिर्याद सांगताना आरोपी नेमके कोणते शब्द बोलला, कोणापुढे बोलला, ते लाजेने गाळू नका. अंमलदार ‘जातिवाचक शिवीगाळ’ एवढेच लिहील. तुम्ही शब्द लिहावयास सांगा. खैरलांजीनंतर तरी आपण हे विसरता कामा नये.

त्या मायलेकींचे काय झाले ते राहिले. आम्ही तिघींनी बसून तक्रार लिहिली. ठाण्यात पहिल्या दिवशी आम्हांस ‘एनसी करून टाकू’ असे सांगण्यात आले. आई उठू लागली, मुलगी मात्र खुर्चीवरून हलली नाही. सायंकाळी गुन्हा नोंदला गेला. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून अधिक बोलणे योग्य नाही. मुलगी कामावर जाऊ लागली आहे आणि आज येथे मागच्या रांगेत बसली आहे. हे सांगण्यास तिची संमती मी घेतलेली आहे.

ज्या कोणास असा अर्ज लिहावयाचा असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. कोरे कागद आणि पेने मी बरोबर आणली आहेत, आणि शेवटची गाडी निघेपर्यंत मी येथेच आहे.