तटावरून नव्हे, गलबतावरून

(कोकणातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)



समुद्रावरील साहसकथा आणि त्यांचे आकर्षण हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो ऐकून काहींना वाटले असेल की, पन्नाशी उलटलेल्या पत्रकाराने तलवारी, तोफा आणि चाचे यांच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? त्याचे उत्तर माझ्या शाळकरी वयातील एका प्रसंगात आहे. आरंभ तेथूनच करतो.

मी नववीत होतो. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मला एक जुनी इंग्रजी कादंबरी सापडली. लेखकाचे नाव हर्बर्ट स्ट्रँग. हे नाव म्हणजे दोन इंग्रज लेखकांनी मिळून घेतलेले टोपणनाव, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कादंबरी १९०६ सालची. तिचा नायक एक तरुण इंग्रज. तो फसवला जातो, 'घेरिया' नावाच्या सागरी किल्ल्यात 'अँग्रिया' नामक क्रूर चाच्याच्या कैदेत पडतो आणि एके रात्री सोबत्यांसह समुद्रमार्गे निसटतो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती कादंबरी वाचत होतो. तो पळून जाण्याचा प्रसंग आला तेव्हा माझा श्वास अडकला होता. पहारेकऱ्यांना जाग येऊ नये, वारा पडू नये, अशी मी अक्षरशः प्रार्थना करीत होतो.

वडील शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पुस्तक हातात घेऊन चाळले आणि विचारले, "या घेरियाचे आजचे नाव काय रे?"

"ठाऊक नाही, अण्णा."

"विजयदुर्ग. गेल्या वर्षी तुमची सहल गेली होती ना तिथे? आणि हा अँग्रिया म्हणजे आपला आंग्रे. आता सांग, इतका वेळ तू कोणाच्या बाजूने होतास?"

मला उत्तर देता आले नाही. अण्णांनी पुस्तक काढून घेतले नाही. "पुरे कर, चांगले लिहिलेले दिसते आहे," एवढेच म्हणाले. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. इतिहासाच्या पुस्तकातून मला आंग्रे ठाऊक होते. मग एका परक्या कादंबरीने दोन दिवसांत माझे मन त्यांच्या विरुद्ध पक्षाला कसे नेऊन बांधले? आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर आहे.

जहाज हीच नायिका

या कथाप्रकाराचा जन्मच मोठा उद्बोधक आहे. सर वॉल्टर स्कॉट यांची 'द पायरेट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातील सागरी ज्ञानाची वाखाणणी झाली. फेनिमोर कूपर या अमेरिकन लेखकाला ती पटली नाही. तो स्वतः नौदलात राहिलेला होता. किनाऱ्यावरच्या माणसाने लिहिलेला समुद्र आणि दर्यावर्दीने लिहिलेला समुद्र यांतील अंतर दाखवावे, म्हणून त्याने १८२४ मध्ये 'द पायलट' लिहिली. पुढे कॅप्टन मॅरियट आला. तो तर प्रत्यक्ष लढाया पाहिलेला नौदल अधिकारी. विसाव्या शतकात सी. एस. फॉरेस्टरने १९३७ पासून होरेशियो हॉर्नब्लोअरची मालिका लिहिली आणि पॅट्रिक ओब्रायनने १९६९ ते १९९९ या तीस वर्षांत जॅक ऑब्री आणि डॉक्टर मॅच्युरिन या मित्रांच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या.

या कथांचे आकर्षण तलवारीत आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. माझा अनुभव निराळा आहे. तलवारीचे प्रसंग दोन-चार पानांत संपतात. उरलेली तीनशे पाने वाचक कशासाठी वाचतो? जहाजासाठी! जहाज हे लाकडाचे एक छोटेसे राष्ट्र असते. त्याला सीमा आहेत, कायदा आहे, अन्नपाण्याचा मोजका साठा आहे. तेथे सुतार, गोलंदाज, वैद्य, स्वयंपाकी आणि कप्तान एकाच फळकुटावर तरंगत असतात. एकाने दोर सैल बांधला, तर शिक्षा सर्वांना होते. 'अनुशासन' हा शब्द आपण सभांमधून पुष्कळदा उच्चारतो. वादळात शीड उतरवणाऱ्या माणसांचे वर्णन वाचताना त्याचा अर्थ उपदेशाविना समजतो.

दुसरे आकर्षण कौशल्याचे आहे. इतिहासातीलच उदाहरण घ्या. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळच्या समुद्रात थॉमस कॉक्रेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चौदा लहान तोफांच्या 'स्पीडी' या जहाजानिशी बत्तीस तोफांचे 'गामो' हे स्पॅनिश जहाज जिंकले. कॉक्रेनजवळ माणसे ५४, समोर ३१९! हे केवळ शौर्याने झाले नाही. त्याने आपले बुटके जहाज शत्रूच्या इतके अंगालगत नेले की, उंच जहाजावरील तोफांचे गोळे त्याच्या माणसांच्या डोक्यावरून जाऊ लागले. नंतर झाडून सारी माणसे शत्रूच्या जहाजावर चढली. सुकाणूवर राहिला एकटा जहाजाचा डॉक्टर. ओब्रायनने आपल्या मालिकेतील पहिल्या कादंबरीत हाच प्रसंग नावे बदलून वापरला आहे. मॅरियट तर तरुणपणी याच कॉक्रेनच्या हाताखाली शिकला होता. या कथांमधील अद्भुताचा पाया असा वास्तवात रोवलेला असतो.

निर्दोष नायकाची अडचण

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आणि आपल्याला थोडे टोचणारे आहे. हॉर्नब्लोअर हा बंदरात नांगरलेल्या जहाजावरही मळमळणारा दर्यावर्दी आहे. तो लाजाळू आहे. आपण भ्याड तर नाही ना, ही शंका त्याला सतत कुरतडते. जॅक ऑब्री समुद्रावर सिंह, पण जमिनीवर पाय ठेवला की कोणीही ठकवावा असा भोळा. राफाएल साबातिनीचा कॅप्टन ब्लड हा मुळात वैद्य. १६८५ च्या बंडातील जखमी माणसावर उपचार केले म्हणून तो अपराधी ठरतो आणि बार्बाडोस बेटावर गुलाम म्हणून विकला जातो. ही माणसे जिंकतील की नाही याची खात्री नसते, म्हणूनच आपण पान उलटतो.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने मराठी घराघरांत इतिहास नेला. तिचे ते ऋण मी मान्य करतो. परंतु आपला नायक पहिल्या पानापासून निर्दोष असतो. त्याला भय नाही, शंका नाही, चूक नाही. अशा पुरुषाला नमस्कार करता येतो. त्याच्या गलबतावर चढता येत नाही. पुतळ्याला हार घालणे आणि माणसाबरोबर प्रवास करणे, यांत जे अंतर आहे तेच येथे आहे.

सारी कथा एकाच बाजूची नाही

हा कथाप्रकार म्हणजे केवळ साम्राज्याची स्तुती, असे मात्र समजू नका. एमिलिओ साल्गारी हा इटालियन लेखक पूर्वेकडे कधी आलाही नव्हता. त्याने सांडोकान हा मलाया द्वीपसमूहातील राजपुत्र निर्माण केला. हा नायक समुद्रावर इंग्रजांशी झुंजतो. त्या कथांत काम्मामुरी नावाचे एक निष्ठावान पात्र आहे आणि लेखक त्याला आवर्जून 'मराठा' म्हणतो! एका इटालियन लेखकाला आपल्या काल्पनिक नौकेवर मराठा माणूस घ्यावासा वाटला, ही गोष्ट मला हृद्य वाटते. १९७६ मध्ये इटलीत या कथांवर दूरदर्शन मालिका झाली, तेव्हा सांडोकानची भूमिका आपल्या कबीर बेदी यांनी केली आणि तेथील घराघरांत ते पोहोचले.

ओब्रायनच्या १९७३ सालच्या 'एचएमएस सरप्राइज' या कादंबरीत तर प्रत्यक्ष मुंबई आहे. तिच्या गल्ल्यांतून डॉक्टर मॅच्युरिन भटकतो. एक गरीब, चुणचुणीत मुलगी त्याला हे शहर दाखवते आणि पुढे तिचा जो करुण अंत होतो तो विसरता येत नाही. ज्या ब्रिटिश आरमाराचे गुणगान या कथा करतात, त्याची काही उत्तम जहाजे मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून बांधली गेली होती. १८१७ साली येथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. कथा त्यांची, लाकूड आणि कारागीर आपले!

आपला समुद्र कोण लिहिणार?

आता अण्णांच्या प्रश्नाकडे वळतो. कथा ज्याच्या जहाजावरून सांगितली जाते, वाचकाचे मन त्याच्या बाजूला जाते. हा कथेचा धर्मच आहे. त्यात स्ट्रँगचा कट नाही आणि माझा देशद्रोहही नाही. २००७ मध्ये आलेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतील तिसऱ्या चित्रपटात जगभरच्या नऊ चाचेप्रमुखांपैकी एकाचे नाव चक्क 'श्री संभाजी आंग्रिया' आहे. कान्होजींचे पुत्र, सरखेल संभाजी आंग्रे जगभरच्या मुलांना भेटले ते असे. यावर निषेधाचे पत्रक काढता येईल. पण एका कथेला उत्तर असते ते दुसऱ्या, तिच्याहून सरस कथेचे.

सामग्रीची वाण आहे का? १६७९ चे खांदेरी डोळ्यांसमोर आणा. खडकाळ बेटावर मायनाक भंडारी तळ ठोकून तटबंदी उभारतो आहे. भोवती इंग्रजांच्या जहाजांचा पहारा आहे. आणि रात्री, उथळ पाण्यातून, लहान होड्या त्या पहाऱ्याला चकवून रसद पोहोचवीत आहेत. उधाण कधी, भांग कधी, मतलई वारा कोणत्या प्रहरी सुटतो, हे ज्याला ठाऊक तोच येथे वाचतो. आंग्र्यांची पद्धत पाहा. वारा पडला की परक्यांची अवजड जहाजे जागच्या जागी खिळून राहत. मग वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत मागच्या अंगाने येत, कारण बाजूला रोखलेल्या तोफा तेथे वळत नसत. कॉक्रेनची युक्ती याहून निराळी होती काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये आणि जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी तंबी त्यात आहे. ज्याच्या दारचा फणस गलबताला गेला त्या शेतकऱ्यापासून कादंबरी सुरू करता येईल!

मनोहर माळगावकरांनी कान्होजींचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. हा उत्तम पाया आहे. परंतु ते चरित्र आहे. गलबतावरच्या पोरसवद्या खलाशाच्या डोळ्यांनी तो समुद्र दाखवणारी, एका खंडानंतर दुसऱ्या खंडाची वाट पाहायला लावणारी मालिका माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

आणि लिहायचे तर सारे लिहावे लागेल. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तोफगोळ्याने एक जहाज पेटले आणि एकमेकांना बांधून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार त्या आगीत जळून गेले. हल्ला इंग्रजांचा होता. पण त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य त्यांच्या बाजूने उभे होते. तुळाजी आंग्रे यांचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. तुळाजींचेही दोष होते, पेशव्यांचीही कारणे होती. समारंभाच्या भाषणात आपण हे पान घाईने उलटतो. कादंबरीकाराने मात्र तेथेच थांबले पाहिजे. घरातील भांडण मिटवायला परक्याच्या तोफा बोलावल्या की काय जळते, हे त्या खाडीइतके स्पष्ट अन्यत्र कोठे दिसेल? हा प्रसंग लिहिण्याचे धैर्य दाखवणाऱ्या लेखकाला शिवछत्रपतींच्या आरमाराचा गौरवही अधिक खरेपणाने लिहिता येईल.

मित्रहो, २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाने शिवरायांच्या राजमुद्रेपासून प्रेरणा घेतली. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या सागरी दुर्गांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. पण दुर्ग दगडाचे, म्हणून उरले. गुराबा आणि गलबते लाकडाची. ती जळाली, कुजली, समुद्रात गेली. त्यांची पुन्हा बांधणी करू शकणारी गोदी आता एकच आहे, ती म्हणजे लेखकाची लेखणी.

म्हणून येथे बसलेल्या तरुणांना दोन विनंत्या. परक्यांच्या या कथा अवश्य वाचा. अण्णांनी माझ्या हातातले पुस्तक काढून घेतले नव्हते, हे लक्षात ठेवा. आणि लिहावेसे वाटले, तर संदर्भग्रंथांबरोबर बंदरावरच्या एखाद्या वृद्ध तांडेलाकडेही जा. वारा कसा ओळखतात, हे त्याला विचारा. तो सांगेल ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

ते जुने पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्या शेजारची जागा मी रिकामी ठेवली आहे. ती भरणारे पुस्तक याच सभागृहातील कोणीतरी लिहावे, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.