अकोल्यात भरलेली हैदराबादची परिषद

1931 साली हैदराबाद संस्थानातल्या कार्यकर्त्यांची राजकीय परिषद अकोल्यात भरली. त्याआधीच्या परिषदा काकीनाडा, मुंबई आणि पुण्याला झाल्या होत्या. एक कोटीहून जास्त वस्तीच्या राज्यातल्या माणसांना आपल्याच शेतसाऱ्याबद्दल, शाळांबद्दल बोलायला दर वेळी परमुलुख गाठावा लागत होता. कारण संस्थानात सभांवर आधीपासूनच निर्बंध होते, आणि 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाने जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. आधी अर्ज करायचा, मग वाट पाहायची, आणि उत्तर आले नाही तर सभाच नाही. खाजगी शाळा काढायलाही अशीच परवानगी लागे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचा कारभार किती बंदिस्त होता, ते कळायला हा अर्जच पुरेसा आहे.

आता वऱ्हाडातल्या ज्या अकोल्यात ही परिषद भरली, ते कागदोपत्री कोणाचे होते? निजामाचेच! हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या फौजेची एक छावणी वऱ्हाडातल्या अचलपूरलाच होती. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा झाला, तरी नावाची मालकी निजामाकडेच राहिली, आणि 1936 पासून त्यांचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, म्हणवू लागला. सरहद्दीवरच्या पैनगंगेच्या दोन्ही काठांना भाषा मराठी, पीक कापूस-ज्वारीचे, सोयरिकीही एकमेकांत. फरक होता तो राज्य चालवण्याच्या रीतीत. म्हणून माझे म्हणणे असे की बंद राज्याची खरी वेस सरहद्दीवर नसते, ती आतल्या परवानगीत असते. आत चार माणसांना एकत्र बसू द्यायचे नाही, असे एकदा ठरले की बाहेरचा वक्ता आणि बाहेरचे वर्तमानपत्र अडवणे ओघानेच येते. 1938-39 च्या सत्याग्रहात बाहेरून आलेल्या आर्य समाजाच्या जथ्यांची धरपकड झाली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, 1938 मध्ये, बंदी आली. ती उठायला 1946 उजाडले. त्याच 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले, आणि त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले.

कोणी म्हणेल, ज्या राज्यात रेल्वे होती, विद्यापीठ होते, त्याला बंदिस्त कसे म्हणता? पण रेल्वेने माल येत होता, नोकरदार येत होते. अडत होती ती संघटना. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर महसूल भरला की कापसाची गाडी सुटे, सभेला असा महसूल भरून सुटका नव्हती. आणि 1948 मध्ये भारताने कोंडी केलेली असताना सिडने कॉटन नावाच्या वैमानिकाची विमाने कराचीहून शस्त्रे घेऊन हैदराबादला उतरत होती. दार कोणासाठी उघडायचे, हे राज्यकर्तेच ठरवत होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वऱ्हाडात तरी इंग्रजांचे कोणते लोकराज्य होते? नव्हतेच. 1930 मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांना अटक झाली. पण ती गवत कापल्यावर झाली. कृती झाल्यावर शिक्षा करणारे सरकार जुलमी असू शकते, तरी त्याच्याशी कोर्टात आणि वर्तमानपत्रात भांडता येते. तोंड उघडण्याआधीच अर्ज मागणाऱ्या सरकारशी भांडायला जागाच उरत नाही. शिवाय हैदराबादेत बसलेला इंग्रज रेझिडेंट हे सगळे बघत होता. त्या बंदिस्तपणाच्या दोषातला इंग्रजांचा वाटा मी वगळत नाही.

हैदराबादचा हा लढा म्हणजे निव्वळ हिंदू-मुसलमानांचा झगडा होता, असेही सांगितले जाते. मग ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांचे काय? हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी उघड लिहिले, आणि ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबाद शहरातच त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.