तांबेऱ्याची वाट

यवतमाळकडील काळ्या रानांत रब्बीचा गहू ओंबीवर येतो, आणि एखाद्या सालीं त्याच्या कांड्यांवर विटकरी फोड उठतात. पुढें तेच काळे पडतात व दाणा चिमतो. हा काळा तांबेरा. १९४६-४७ सालीं त्यानें मध्य भारतांतील गव्हाची धूळधाण केली. देशाचें नुकसान सुमारें २० लक्ष टन झाल्याचा अंदाज आहे.

शेतकरी आपल्याच मातीस बोल लावतो. परंतु ही बुरशी तेथली नव्हेच. मैदानांतील उन्हाळ्यांत तिचे बीजाणू जगत नाहींत, तीं थंड डोंगरांत तग धरतात, हें आग्र्याचे डॉ. करमचंद मेहता यांनीं दाखविलें. निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून हिवाळ्याच्या तोंडीं येणाऱ्या चक्रीवादळांबरोबर ते उत्तरेस येतात व पावसासवें पिकावर उतरतात, असें १९७० नंतरच्या संशोधनानें उलगडलें.

म्हणून पहारा वाटेवरच बसवावा लागतो. रोगास चटकन् बळी पडणाऱ्या वाणांचे लहान वाफे ठिकठिकाणीं पेरून पहिला फोड केव्हां दिसला, हें टिपतात. त्यावरून बुरशीची जात ओळखतां येते, आणि तिला दाद न देणारें बियाणें निवडतां येतें. वारा अडवितां येत नाहीं. बियाणें मात्र शेतकऱ्याच्या हातीं असतें.