कातडीची साल काढण्याचे उपचार

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणें चोळण्याची चाल खानदेशांत घरोघर आहे. नागरमोथा, आंबेहळद, वाळा यांची भरड पूड अंगावर चोळली म्हणजे मळ निघतो, असें लोक म्हणतात. वस्तुतः त्या मळांत पुष्कळसा भाग कातडीच्याच मृत पेशींचा असतो. बाह्यत्वचेच्या तळाशीं नव्या पेशी उत्पन्न होतात, वर सरकतां सरकतां मरतात व सुमारें चार आठवड्यांनीं गळून पडतात. टाचेवर हा मृत थर जाड, पापणीवर अगदींच पातळ. म्हणूनच टाचेला वज्री सोसते, गालाला सोसत नाहीं.

हेंच काम त्वचारोगतज्ज्ञ मोजून-मापून करतात. उंसांत सांपडणारें ग्लायकोलिक आम्ल, दूध आंबतांना होणारें लॅक्टिक आम्ल किंवा सॅलिसिलिक आम्ल ठराविक प्रमाणांत कांहीं मिनिटें चेहऱ्यावर ठेवतात. मृत पेशींना जोडणारे बंध त्यानें सैल होतात आणि पुढील कांहीं दिवसांत पापुद्रे सुटतात. ही विद्या नवी नव्हे, जर्मनींतील डॉ. उन्ना यांनीं सॅलिसिलिक आम्लाचा हा गुण 1882 सालींच वर्णिला होता. दोन-चार आठवड्यांच्या अंतरानें उपचार पुन्हा करावा लागतो. त्यानें मुरुमांची बुजलेलीं छिद्रें मोकळीं होतात, त्यांचे डाग फिके होतात, खरखरीतपणा जातो. वांगहि कांहीं अंशीं उतरतो, पण तो परतण्याची खोड सोडीत नाहीं. खोल खड्डे मात्र वरवरच्या उपचारानें भरत नाहींत.

आणि जन्मजात वर्ण तर पालटतच नाहीं. रंगद्रव्य करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशीं असतात. वरची साल काढल्यानें त्यांचें काम थांबत नाहीं. लग्न ठरलेल्या सांवळ्या मुलीस पंधरवड्यांत गोरी करून देण्याचें जें आश्वासन कोणी देतो, तें खोटें समजावें. उलट, सांवळी कातडी दुखावली कीं तेथें अधिकच काळा डाग पडतो. आम्ल तीव्र पडलें तर मुलीला बोहल्यावर भाजलेल्या चेहऱ्यानें उभें राहावें लागेल, आणि तो डाग महिनोन्‌महिने टिकेल.

जळगांव-धुळ्याकडे हा धोका विशेष. वैशाखांत पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि नुकती उघडी पडलेली कातडी उन्हाला फारच हळवी असते. शेतावर जाणाऱ्या बाईनें उपचारानंतर कांहीं आठवडे तरी तोंडाला पदर गुंडाळावा व डॉक्टरांनीं दिलेलें ऊन-निवारक मलम लावावें. तें जमत नसेल तर उपचार थंडीपर्यंत लांबवावा. गरोदरपण, ओठांवर वारंवार येणारे फोड, चालू असलेलीं मुरुमांचीं औषधें, हें सारें आधीं सांगितलें पाहिजे. घरीं लिंबू चोळून उन्हांत जाणें तर निव्वळ अविचार. लिंबाचा रस व ऊन मिळून कातडी पोळते.

भेगाळलेल्या टाचांना एवढा खटाटोप नको. कोमट पाण्यांत पाय भिजवून हलक्या हातानें वज्री फिरवावी व कोकमाचें तेल लावावें. मधुमेही मनुष्यानें मात्र वज्रीहि स्वतःच्या हातीं धरूं नये. पाय बधिर असला तर जखम झालेली त्याला कळत नाहीं.